बाबागाडीचा खटका नीट बसला का?

बाबागाडी आपल्या वस्तीत दुकानातून क्वचितच येते. ती येते कामाच्या घरातून. मॅडमचे बाळ मोठे झालेले असते, गाडी गॅलरीत धूळ खात पडलेली असते, मग एक दिवस "तुमच्या सुनेला दिवस गेलेत ना, घेऊन जा" असे होते. काही जण भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणतात, काही मोबाइलवर जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडून. आणि ज्यांच्या घरी गाडी आलेलीच नाही अशा आपल्या कितीतरी आयाबहिणी टॉवरमध्ये बाळ सांभाळायच्या कामावर रोज दुसऱ्याच्या बाळाची गाडी उघडतात, मिटतात, लिफ्टमधून खाली बागेत नेतात.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखीच असते. गाडीबरोबरची माहितीपुस्तिका हाती येत नाही, आली तरी इंग्रजीत असते, आणि गाडी कशी वापरायची हे कुणी शेजारी उभे राहून दाखवत नाही. "सोपं आहे, टक् आवाज आला की झालं" एवढेच सांगितले जाते. या पानावर आम्ही आजवर लसीकरण, जुलाब, अंगावरचे दूध असे विषय घेतले. या वेळी बाबागाडी घेतो आहोत, कारण बाळ डोक्यावर पडणे हा आजाराइतकाच गंभीर विषय आहे आणि तो टाळणे आपल्या हातात आहे.

पूर्वीच्या बाबागाड्या एकसंध असत. आता मिळणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे दोन भाग असतात. खाली चाके, दांडा आणि ब्रेक असलेला सांगाडा, आणि त्यावर बसवायची सीट. याच सांगाड्यावर सीटच्या जागी तान्ह्या बाळाला आडवे झोपवायची टोपलीही बसते, तिला दुकानदार कॅरीकॉट म्हणतात. काही गाड्यांवर मोटारीतली बाळाची सीटसुद्धा लावता येते. सोय मोठी आहे, पण त्यात एक मेख आहे. जी सीट सहज निघते ती अर्धवटही बसू शकते, आणि अर्धवट बसलेली सीट वरून बघितली तर अगदी बरोबर बसल्यासारखी दिसते. बाळ शांत असेपर्यंत काहीच होत नाही. बाळाने पुढे झेप घेतली, चाक खड्ड्यात गेले किंवा फुटपाथवर चढवायला दांडा खाली दाबला, की ती सुटते.

आधी कोणत्या बाळासाठी काय, हे पाहू. टोपली तान्ह्या बाळाची. बाळ आधाराशिवाय बसू लागले, कुशीवर वळू लागले किंवा हातापायांवर उठायला बघू लागले की टोपली बंद करायची, मग ते पाच महिन्यांचे असो की सहा. युरोपातल्या नियमांत अशा टोपलीची मर्यादा ९ किलो वजनाची आहे, पण किलोकडे बघत बसू नका. बाळाच्या हालचालीकडे बघा, कारण वळणारे बाळ कडेवरून बाहेर येते. उलट, उभी बसायची सीट सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी नाही. तिची पाठ पूर्ण आडवी होत असेल आणि जन्मापासून चालते असे गाडीवर लिहिले असेल, तरच ती लहान बाळाला चालते.

लावताना

सीट लावायची ती नेहमी रिकामी. बाळ चटईवर किंवा दुसऱ्या कुणाच्या कडेवर. बाळासकट सीट उचलून सांगाड्यावर बसवायची घाई करू नका. हातात वजन असले की आपण सीट तिरकी धरतो, आणि तिरक्या सीटची एकच बाजू खाचेत जाते.

सांगाडा सपाट जमिनीवर पूर्ण उघडा. उघडल्यावर त्याचाही खटका बसला आहे ना हे दांडा खालीवर हलवून बघा. अर्धवट उघडलेला सांगाडा बाळाच्या वजनाने मिटतो. मग ब्रेक दाबा आणि ब्रेक लागला का हे गाडी ढकलून बघा. जुन्या गाड्यांत ब्रेकचा दांडा खाली जातो, पण चाकात अडकत नाही.

आता सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा बघा. त्यांत बिस्किटाचा चुरा, वाळू, केस, एखादा गोळीचा कागद हमखास सापडतो. खाचेत खडा असला की खटका शेवटपर्यंत जात नाही, म्हणून कोरड्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने आधी साफ करा. काही गाड्यांत टोपली किंवा मोटारीची सीट लावायला मधे दोन प्लास्टिकचे जोडतुकडे बसवावे लागतात. ते उजवा आणि डावा वेगळे असतात. त्यांच्यावर इंग्रजी एल म्हणजे डावा आणि आर म्हणजे उजवा असे कोरलेले असते. उलटे लावले तर बसल्यासारखे वाटतात, पण धरत नाहीत. जुन्या गाडीबरोबर हे तुकडे बहुधा हरवलेले असतात. ते नसतील तर त्या गाडीवर टोपली लावायचीच नाही, त्याला दुसरा उपाय नाही.

सीट दोन्ही हातांनी, दोन्ही बाजू एकाच उंचीवर धरून सरळ खाली सोडा आणि दाबा. दोन्ही बाजूंनी आवाज आला पाहिजे. दोन खटके जवळजवळ एकाच वेळी बसतात, त्यामुळे एकच आवाज ऐकू येतो आणि तो एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा हे कानाला कळत नाही. त्यात बाहेर रिक्षा, घरात टीव्ही. म्हणून आवाजावर विसंबू नका. काही गाड्यांत खटक्याजवळ छोटी खिडकी असते, तीत हिरवे दिसले तर बसले आणि लाल दिसले तर नाही. तशी खिडकी असेल तर दोन्ही बाजूंची बघा.

आणि खिडकी असो वा नसो, हिसका देऊन बघायचेच. सीटची चौकट दोन्ही हातांनी धरा आणि सांगाड्यापासून वेगळी करायची आहे अशा जोराने सरळ वर ओढा. मग एकदा फक्त डावी बाजू, एकदा फक्त उजवी. मग पुढे-मागे हलवा. सीट सांगाड्यासकट उचलली गेली पाहिजे. एका बाजूला जरा जरी वर आली, तर काढून पहिल्यापासून लावा. वरच्या छताला धरून ओढू नका, ते वेगळे निघते आणि त्यावरून काही कळत नाही. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो.

कालाम सुत्तात तथागतांनी जे सांगितले ते आपण विहारात अनेकदा ऐकतो: कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. धम्मातली एवढी मोठी गोष्ट बाबागाडीला लावली म्हणून कुणी हसेल. पण "काल मी लावली होती तेव्हा नीट होती" आणि "दादाने लावली आहे" ही दोन्ही ऐकीव विधानेच आहेत. बाळ ठेवणाऱ्या हातांनीच हिसका द्यायचा, दर वेळी.

यानंतर बाळ, आणि बाळ ठेवले की लगेच पट्टा. पट्टा कमरेचाच लावून भागत नाही. मांड्यांच्या मधून येणारा पट्टाही लावायचा. तो नसला तर बाळ झोपेत खाली सरकते, अंग बाहेर आणि मान पट्ट्यात किंवा पुढच्या दांड्यात अडकते. त्यातून गुदमरून मृत्यू होऊ शकतो. पट्टा इतका घट्ट हवा की त्याच्याखाली आपली दोन बोटे जेमतेम जातील.

काढताना

काढतानाचे अपघात वेगळे असतात. पहिली गोष्ट पिशव्यांची. बाजारातून येताना भाजीची पिशवी, दुधाच्या पिशव्या, आपली पर्स, सगळे आपण दांड्याला अडकवतो. पुढे बाळाचे वजन असते तोवर गाडी तोल धरते. बाळ उचलले की पुढचे वजन संपते आणि गाडी मागच्या मागे उलटते, कधी शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या भावंडावर. म्हणून आधी पिशव्या काढायच्या, मग बाळ. खरे तर दांड्याला काही अडकवूच नये, खालच्या जाळीत ठेवावे, पण आठवडी बाजारातून येताना हे कुणी पाळणार नाही हेही आम्हाला माहीत आहे. निदान क्रम पाळा.

ब्रेक लावा, पट्टा सोडा, बाळाला काढून सुरक्षित जागी ठेवा, आणि मग सीटच्या दोन्ही बाजूंची बटणे एकाच वेळी दाबून सीट सरळ वर उचला. एक बटण दाबून एक बाजू मोकळी करायची आणि मग दुसरी, असे केले की सीट वाकडी होऊन अडकते. मग आपण जोर लावतो आणि खटक्याची आतली कड झिजते. तो खटका पुढच्या वेळी कमी धरतो.

टोपलीला उचलायचा दांडा असेल तर काही गाड्यांत ती बाळासकट उचलता येते. पण आधी तो दांडा वर येऊन अडकला आहे ना हे बघावे, आणि एक हात टोपलीच्या खाली धरावा. उचललेली टोपली जमिनीवरच ठेवायची. ओट्यावर नाही, टेबलावर नाही, पलंगावर नाही. बाळाने पाय झाडले की टोपली सरकते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीवर जागा कुठे, हा प्रश्न खरा आहे. अशा वेळी टोपली न काढता बाळालाच उचलून अंथरुणावर घ्या, ते जास्त बरे. जमिनीवर ठेवलीच तर स्टोव्ह, शेगडी, गरम पाण्याची बादली आणि दाराची वाट सोडून ठेवा.

गाडी मिटताना घरातली बाकीची मुले दूर. घडीच्या बाबागाडीचा आराखडा ओवेन मॅक्लॅरेन या इंग्रज अभियंत्याने १९६५ साली नोंदवला. विमानांच्या कामाचा अनुभव असलेला माणूस, त्यामुळे विमानाची चाके जशी पोटात मिटतात तसे काहीसे त्याने बाबागाडीत केले. गाडी हलकी झाली, बसमध्ये नेता येऊ लागली. पण त्याच नावाच्या कंपनीला २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठी झाकणे द्यावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटे बिजागरीत जाऊन टोके तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. महागडी गाडी म्हणजे निर्धोक गाडी, असे नसते.

जुनी गाडी आली तर

घेऊन येण्यापूर्वीच तिथे उभे राहून तपासा. देणाऱ्याला वाईट वाटेल असा संकोच नको. खटक्याचे प्लास्टिक उन्हात पडून पांढुरके आणि ठिसूळ झाले आहे का, त्याला चीर आहे का, आतली स्प्रिंग गंजली आहे का. बटण सोडल्यावर ते स्वतःहून परत वर आले पाहिजे. पावसाळ्यात गॅलरीत भिजलेल्या गाड्यांत ही स्प्रिंग पहिल्यांदा जाते. पट्ट्याचे बक्कल लावून जोरात ओढा. सीटमध्ये बाळाच्या वजनाची तांदळाची पिशवी ठेवून, पट्टा लावून, गाडी खडबडीत गल्लीतून फिरवून आणा, एकदोनदा दांडा खाली दाबून पुढची चाके उचला आणि मग खटके पुन्हा बघा.

खटका धरत नसेल तर आपल्याकडे लगेच सुतळी, तार किंवा जुन्या साडीची चिंधी निघते. जुगाडाला आम्ही नावे ठेवत नाही, आपले अर्धे घर त्यावर चालते. पण इथे नको. सुतळी ताणली जाते, तार प्लास्टिक कापते, आणि बांधलेली सीट संकटात पटकन सोडताही येत नाही. एका कंपनीची सीट दुसऱ्या कंपनीच्या सांगाड्यावर बसते असे वाटले तरी बसवू नका. ज्या गाडीचा खटका गेला तिच्यावर बाळ ठेवायचे नाही. सांगाडा पाण्याचे कॅन आणायला उत्तम चालतो.

गाडीच्या सांगाड्यावर, बहुधा खालच्या नळीवर, एक चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनीचे नाव आणि गाडीचा नमुना लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढा आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, की मोबाइलवर याची माहितीपुस्तिका शोध. पुष्कळ कंपन्यांच्या पुस्तिका तिथे फुकट मिळतात, आणि त्यांत चित्रे असतात. त्यावरून खटका कुठे आहे हे इंग्रजी न येणाऱ्यालाही कळते.

झोपेबद्दल थोडे. बाबागाडीची बसायची सीट आणि मोटारीची सीट या रात्रभर झोपायच्या जागा नाहीत. लहान बाळाची मान कमजोर असते. उभ्या सीटमध्ये हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट चिमटते, आणि बाळ रडत नाही, म्हणून कळतही नाही. घरी आल्यावर बाळ झोपले आहे, उठेल, म्हणून तसेच ठेवू नका, सपाट जागी पाठीवर झोपवा. टोपलीतही उशी नको, जाड गोधडी नको. आणि ऊन लागते म्हणून गाडीवर ओढणी किंवा चादर टाकून ती चारी बाजूंनी बंद करू नका. आतली हवा काही वेळातच तापते. छत पुढे ओढा, सावलीतून चला.

गर्दीत बाबागाडी नकोच. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लेकराला घेऊन जाणारे पुष्कळ जण असतात. तिथे बाळ कडेवर किंवा अंगाला बांधलेल्या झोळीत बरे. गर्दीच्या रेट्यात गाडी दिसत नाही, लोक तिच्यावर पडतात. रेल्वे फलाटावर गाडी नेलीच तर ती रुळांकडे तोंड करून कधीच उभी करू नका, रुळांना समांतर ठेवा, ब्रेक लावा आणि हात सोडू नका. जिन्यावरून बाळासकट गाडी उतरवू नका. बाळ एकाने घ्यावे, गाडी दुसऱ्याने. सरकत्या जिन्यावर तर गाडी न्यायचीच नाही.

बाळ सांभाळायच्या कामावर असलेल्यांसाठी

कामाच्या पहिल्याच दिवशी म्हणा, "गाडी कशी लावायची ते मला एकदा दाखवा, मग मी तुमच्यासमोर लावून दाखवते." यात कमीपणा काही नाही. दवाखान्यातली नर्ससुद्धा नवे यंत्र आले की आधी शिकून घेते. गाडी ज्यांनी विकत घेतली, ती दाखवण्याची जबाबदारी त्यांची. खटका सैल वाटला तर त्याच दिवशी सांगा, आणि शक्य असेल तर फोनवर लिहून किंवा बोलून पाठवा, म्हणजे सांगितल्याची नोंद राहते. उद्या सीट सुटली तर बोट आधी आपल्याकडे दाखवले जाते हे आपण सगळे जाणतो.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते, की आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे आणि जो मालक तिच्या श्रमाचा फायदा घेतो त्यानेही तिचा भार उचलावा. तो प्रश्न गिरण्या-कारखान्यांतल्या स्त्रियांचा होता. आज बाळे सांभाळणाऱ्या आपल्या बायका घरेलू कामगार आहेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. ज्यांची नोंदणी अजून झालेली नाही, त्यांनी ती करून घ्यावी. कामाच्या जागी सुरक्षितपणे काम शिकवून मागणे हा त्याच हिशेबातला भाग आहे, मेहेरबानी नाही.

आणि बाळ पडलेच तर लपवू नका. आम्हाला सर्वांत जास्त हेच सांगायचे आहे. नोकरी जाईल, चोप बसेल, सासू बोलेल, या भीतीने बाळाला गप्प करून, दूध पाजून झोपवले जाते आणि मोलाचे तास निघून जातात. एक वर्षाच्या आतले बाळ डोक्यावर पडले तर ते हसत असले तरी डॉक्टरला दाखवायचे. बेशुद्ध झाले, झटका आला, पुन्हा पुन्हा ओकू लागले, नेहमीपेक्षा जास्त झोपाळू झाले किंवा उठवून उठेना, काही केल्या रडे थांबेना, टाळू फुगलेली वाटली, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले, एखादा हात किंवा पाय हलवेना, यातले एक जरी दिसले तरी घरी थांबायचे नाही. १०८ ला फोन करा, किंवा जवळचे मोठे सरकारी रुग्णालय गाठा. हळद, तेल, चोळणे काही नको. मान वाकू न देता, डोके आणि पाठ एका रेषेत धरून उचला.

डॉक्टरला चार गोष्टी सांगा: किती वाजता पडले, किती उंचीवरून, खाली फरशी होती की माती, आणि पडल्या पडल्या रडले की गप्प राहिले. सीट कशी सुटली हेही सांगा. डॉक्टर दोष कुणाचा हे ठरवायला बसलेले नसतात. मार डोक्याच्या कोणत्या बाजूला बसला असेल, हे त्यांना त्यावरून कळते.